शिट्टीशिवाय कोणी हलायचं नाही

२४ नोव्हेंबर, सोमवार

चंद्रपूरचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आटोपून काल पळसटोल्यात परतलो. विषय: पार्कूर आणि टीमवर्क. पार्कूर म्हणजे भिंत, कठडा, पायऱ्या, जे आडवं येईल ते हातापायांच्या जोरावर ओलांडून पुढे जाणं. पहिल्या दिवशी माझी बस उशिरा पोचली. दुसऱ्या दिवशी दुपारी वांग्याची भाजी जरा जास्त झाली, म्हणून प्रात्यक्षिकं काठावर बसून पाहिली. पण समजायचं ते समजलं. सर्टिफिकेट मिळालं, सेहेचाळीस पानांची पीडीएफ मिळाली.

मुख्य बातमी वेगळीच. जिल्ह्यात पार्कूरचा एक मास्टर ट्रेनर नेमणार आहेत. जानेवारीत जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी साहेब शाळाशाळांत फिरून प्रात्यक्षिक पाहणार आणि एकाला निवडणार. तो एक म्हणजे मी. सिंदेवाहीचा वाजिद सरही अर्ज करणार म्हणे. योगाचा मास्टर ट्रेनर झाला, तरी पोट भरलं नाही. पोट नाही हेच त्याचं क्वालिफिकेशन. माझ्याहून सहा वर्षांनी ज्युनिअर आहे.

उद्यापासून पहाटे पाच किलोमीटर धावणे. वजन ८८ वरून ७५. भात एकवेळ.

२५ नोव्हेंबर, पहाटे ५.१०

उठलो. बूट घातले. मग आठवलं, नाल्याकडे वाघ फिरतोय, ग्रामपंचायतीने फळ्यावर लिहिलंय. धावणं रद्द. मास्टर ट्रेनरच राहिला नाही तर जिल्ह्याने काय करायचं?

सकाळी ९.४५

मुलं त्याच नाल्यावरून, घोळका करून, मोठमोठ्याने गाणी म्हणत सायकलींवर शाळेत आली. रिस्क मॅनेजमेंट म्हणजे काय हे या लोकांना कळायला अजून शंभर वर्षं लागतील.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नववीचा पार्कूरचा पहिला तास. कंपाउंडच्या भिंतीपाशी उभं राहून भिंत ओलांडण्याच्या आठ पायऱ्या समजावून सांगितल्या. पाचव्या पायरीवर असताना कोणाचा तरी चेंडू भिंतीपलीकडे गेला. बुधरी मडावी गेली आणि घेऊन आली. भिंतीवरूनच. एका हातात डबा होता. तिच्यामागे अदीबा, अदीबामागे श्रावण आणि आणखी सातजण, काही कारण नसताना.

दहाही जणांचं टेक्निक पूर्ण चूक. पीडीएफमध्ये डावा हात आधी आहे. बुधरीला विचारलं की हे कुठे शिकलीस. म्हणाली, सर, शिकाचं काय त्याच्यात, धानात डुकरं घुसले का मचाणावरून असंच उतरा लागते.

डुकरं! मी आंतरराष्ट्रीय खेळ शिकवतोय आणि ही मला डुकरं सांगते.

आज एक नियम घातला. माझ्या तासाला शिट्टीशिवाय कोणी हलायचं नाही. काहीही होवो.

२ डिसेंबर, मंगळवार

शमीम मॅडमनी आजचा पीटीचा तास गणिताला दिला. या महिन्यात नव्हे, या एकोणीस वर्षांतली कितवी वेळ कोण जाणे. मॅडम मुख्याध्यापक होऊन तीनच वर्षं झाली, पण ही कला त्यांना लगेच जमली. मी म्हटलं, मॅडम, पार्कूर चालू आहे. मॅडम म्हणाल्या, सर, पोरं तर तसेही उड्या मारूनच राह्यले, त्रिकोणमिती मात्र कुठी मारत नाईत.

स्टाफरूममध्ये सगळे हसले. इसरू भाऊ चहा घेऊन आला होता, तोही हसला. शिपाई!

इथे मनातलं लिहायला हरकत नाही, कोणी वाचणार नाही. एकोणीस वर्षांत मला कोणी मिथुन शेंडे म्हणून ओळखलेलं नाही. पीटी सर. ज्याचा तास घेता येतो तो. मास्टर ट्रेनर झालो की टाइमटेबलवर माझ्या तासाला कोणी बोट लावून दाखवावं. एवढंच पाहिजे मला. बाकी मानधन वगैरे असेल ते असेल.

५ डिसेंबर, शुक्रवार

टीमवर्कची थिअरी घेतली, वीस गुणांची तोंडी परीक्षा. प्रश्न: टीमवर्कचं उदाहरण द्या. पीडीएफमध्ये फॉर्म्युला रेसिंगच्या गाडीचं चाक चार सेकंदांत बदलणारी माणसं आहेत. सगळं वाचून दाखवलं होतं.

बुधरी उठली आणि हल्या सांगू लागली. म्हणजे रेडा. रोवणीच्या चिखलात हल्या फसतो, ते. म्हणे, सर, फसलेल्या हल्याले ओढाचं नसते, ओढलं का थो अजून फसते. पहिले पोटाखाली धानाचं तणस सारा लागते. एकानं तोंडापाशी उभं राहून त्याच्यासंगं बोला लागते, नाईतर थो भेते. मंग मांगून दोर, अन् सांगणारा एकच पाह्यजे, दहा जन नाई.

वर्ग अगदी मन लावून ऐकत होता. माझी पीडीएफ वाचताना अर्धे झोपले होते, वडसाच्या कंपनीचं नाटक आदल्या रात्री गावात होतं म्हणून. हल्या म्हटलं की जागे.

बुधरीला वीसपैकी चार दिले. तेही हजेरीचे.

९ डिसेंबर, मंगळवार

विश्वासाची चाचणी. एकजण टेबलावर उभा राहून डोळे मिटून मागे पडतो आणि बाकीचे त्याला झेलतात. पीडीएफ, पान एकतीस. आधी लीडरने करून दाखवावं असं लिहिलंय. बारा मुलांना समोरासमोर दोन रांगांत उभं केलं. शिट्टी तोंडात धरली. डोळे मिटले. पडलो.

पडताना शिट्टी तोंडातून निसटली.

एकही हलला नाही. बाराच्या बारा ताठ उभे. मी जमिनीवर. वर पाहिलं तर बाराजण माझ्याकडे पाहत होते, हात तयार, आणि शिट्टीची वाट पाहत होते. श्रावण म्हणाला, सर, आमी झेलतच होतो, पण तुमी वाजवलीच नाई.

टीमवर्क शून्य. नोंद केली.

१० डिसेंबर, बुधवार

कंबर. उठता येत नाही. सरिताने मोहाच्या तेलाने चोळून दिलं आणि विचारलं की टेबलावर चढलेच काऊन. बायकोला स्पोर्ट्स इंज्युरी कळत नाही. तिला वाटतं पडणं म्हणजे पडणं.

भात दोन वेळा. औषधं उपाशीपोटी घेऊ नयेत.

१६ डिसेंबर, मंगळवार

पुन्हा मैदानात. लँडिंगसाठी फोमच्या गाद्या मागितल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, तणस आणा. मळणी झाली आहे, गावात तणसाचे ढीग लागलेत. लहान मुलाला कळेल की आंतरराष्ट्रीय खेळात भाताच्या काड्यांवर उडी मारत नाहीत. तरी दोन भारे आणवले. मधल्या सुट्टीत इसरू भाऊच्या गाईने अर्धं लँडिंग खाल्लं. त्याला जाब विचारला. म्हणाला, सर, तिले का मालूम तुमचं लँडिंग हाय.

हे असे सहकारी.

२२ डिसेंबर, सोमवार

पत्र आलं! शनिवार १७ जानेवारी. साहेब गॅदरिंगला येणार आणि पार्कूरचं प्रात्यक्षिक पाहून निवड करणार. वाजिद सरच्या शाळेत त्याच दिवशी सकाळी, आपल्याकडे दुपारी. म्हणजे त्याला पाहून कंटाळलेल्या साहेबांना मी दिसणार.

प्लॅन झाला. मुलं सुरुवातीला किरकोळ उड्या मारतील. मग अंधारलेलं स्टेज, मोठी भिंत, भिंतीत खिडकी, आणि त्या खिडकीतून मी. हात पुढे, सरळ सूर, खाली गोल फिरून उभा. पीडीएफ, पान चाळीस. नंतर शिट्टी, आणि मुलांचा मनोरा माझ्यामागे. साहेबांना दुसरं काही पाहावंच लागणार नाही.

आपल्याकडे तशी भिंत नाही. पण वडसाला आहे.

२८ डिसेंबर, रविवार

वडसाला जाऊन आलो. ही नाटक कंपन्यांची मंडळी सीझनभर गावोगावी सामान फिरवतात, त्यांच्याकडे काय नसतं! राजवाड्याची भिंत मिळाली. लाकडी चौकट, त्यावर रंगवलेलं कापड, दोन मोर, आणि मधोमध खरी खिडकी. खिडकीला पक्की लाकडी चौकट. एकदम भक्कम. १६ तारखेला पिकअपने पाठवणार, कारण तोपर्यंत त्यांचे प्रयोग आहेत.

कंपनीचा मालक फार बोलतो. विचारलं, भाऊ, खिडकीचं काम काय हाय तुमचं. सांगितलं. तर म्हणे, भाऊ, या खिडकीतून आमची सासू मुंडकं काढून आयकते फक्त. अख्खा माणूस निघाची सोय नाई याच्यात. मी त्याला शांतपणे सांगितलं की मी प्रशिक्षित आहे. नाटकवाल्यांना खेळातलं काय कळतं.

टेप लावून माप घेतलं. माझी पँट चौतीसची आहे. हिशोबात बसतं.

३ जानेवारी, शनिवार

पँट चौतीसची आहे हे सरिताला सांगितलं. ती म्हणाली, पँट चौतीसचीच हाय, पण तुमी ती पोटाच्या खाली बांधून राह्यले. पोटाचं माप कोन घेईन?

काही बायकांना नवऱ्याची प्रगती सहन होत नाही. वजन ८९. थंडीत थोडं वाढतंच, शरीर उष्णता साठवतं.

१२ जानेवारी, सोमवार

तालीम. मुलांच्या उड्या पीडीएफप्रमाणे बसवल्या, त्यामुळे आधी जे चार सेकंदांत ओलांडत होती त्याला आता अकरा सेकंद लागतात. शिस्त आली.

तालमीनंतर बुधरी थांबली. सर, तुमी खिडकीतून एकदा निघून पाह्यलं का? तिला म्हटलं, खिडकी अजून वडसाला आहे. ती म्हणाली, मंग दाराच्या वरच्या झरोक्यातून पाहा ना, माप तेवढंच हाय म्हन्ता. मुलगी हुशार आहे पण आगाऊ. मी म्हटलं, लीडरला प्रश्न विचारणं हे टीमवर्क नाही. ती बरं म्हणाली. फार नम्रपणे म्हणाली, ते मला आवडलं नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

भिंत आली. संध्याकाळी स्टेजवर उभी केली, इसरू भाऊने मागून दोर बांधले. मुलांना शेवटची सूचना: खिडकीतून मी बाहेर येईपर्यंत आणि शिट्टी वाजेपर्यंत कोणीही जागचं हलणार नाही. प्रत्येकाकडून म्हणवून घेतलं.

खिडकीतून सराव करायचा विचार होता. पण अंधार पडायच्या आत सगळ्यांना घरी सोडायचं होतं, नाल्याकडे वाघ आहे. सुरक्षितता आधी.

सरिताने विचारलं, उद्या मी येऊ का. म्हटलं, ये, पहिल्या रांगेत बस. उद्या तुला कळेल.

१७ जानेवारी, शनिवार, सकाळी ६.३०

व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर मनात तयार झाला. मिथुन शेंडे, मास्टर ट्रेनर (पार्कूर). खाली फोन नंबर. बाकी काही नको.

सकाळी फक्त पोहे. दोनदा.

१७ जानेवारी, सायंकाळी ७

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो, कारण उद्या लोक वेगळंच सांगतील.

तीन वाजता साहेब आले. मुलांच्या उड्या झाल्या. मग दिवे कमी केले. मी भिंतीमागून धावलो. हात, डोकं, खांदे बरोबर बाहेर आले. इथपर्यंत पान चाळीस.

पोट आलं नाही.

मी खिडकीत. अर्धा सभागृहाकडे, अर्धा राजवाड्यात. पाय मागे जमिनीला पुरत नव्हते. दोन्ही बाजूंना मोर. पहिल्या रांगेत साहेब, मॅडम, सरिता. सरिताने पदर तोंडाला लावला. समोर बारा मुलं ताठ उभी. मी शिट्टी तोंडात घेऊ पाहिली, ती गळ्यात लोंबकळत होती, हात तिथे वळेनात. ओरडायचं तर दम चौकटीत दाबलेला. आवाज फक्त एवढा आला की पुढच्या रांगेला वाटलं मी गातोय.

मुलं हलली नाहीत. बाराजण शिट्टीची वाट पाहत होते. मी त्यांना इतकं चांगलं शिकवलं होतं.

मग भिंत पुढे झुकू लागली. माझ्यासकट. त्या क्षणी भीती वाटली, खरंच वाटली. इथे खोटं कशाला लिहू.

बुधरी रांगेतून निघाली. सरळ माझ्याजवळ आली, माझ्या गळ्यातून शिट्टी काढून घेतली आणि वाजवली.

बाकीचे अकरा एकदम सुटले. चौघांनी भिंत धरली. कोणी मला ओढलं नाही. अदीबा दोघींना घेऊन लँडिंगचं तणस उचलून आणत होती आणि माझ्या पोटाखाली, चौकटीच्या फटीत, मूठमूठ सारत होती. मागून कोणीतरी माझ्या दोन्ही मांड्यांना पडद्याचा दोर गुंडाळला. आणि श्रावण माझ्या तोंडापाशी येऊन उभा राहिला. माझ्या कपाळावर हात फिरवत, अगदी हळू आवाजात म्हणत होता, हो, हो, उभा राजा, भिऊ नको, झालंच, हो.

मला तेव्हाच कळलं की हे कुठलं टीमवर्क आहे. पान एकतीस नव्हे.

बुधरीने तीन शिट्ट्या मोजून दिल्या. तिसरीला मागून खेचलं, पुढून श्रावणने खांदे ढकलले, तणसावरून सरकत मी राजवाड्यात परत गेलो. शर्ट खिडकीत राहिला.

सभागृह उभं राहिलं. साहेबही. इतक्या टाळ्या या शाळेत कधी पडल्या नसतील. मी शर्टाशिवाय बाहेर येऊन अभिवादन केलं. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं.

१८ जानेवारी, रविवार

शांत डोक्याने विचार केला. प्रात्यक्षिक उत्तम झालं. मुलांनी जे केलं ते शेवटी माझ्या तयारीमुळे केलं. मी अडकलो नसतो तर त्यांनी काय करून दाखवलं असतं? लीडर कधी कधी स्वतःला संकटात टाकतो. साहेबांना हे दिसलंच असणार. जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी धरला होता आणि बराच वेळ हलवला होता. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

सरिता म्हणते ते पाणी हसण्याचं होतं. ती रात्रीपासून मला राजा म्हणते आहे.

छातीवर दोन ओरखडे. बुधरीकडून शिट्टी परत घ्यायची राहिली.

२७ जानेवारी, मंगळवार

पत्र आलं. मॅडमनी सगळ्या स्टाफसमोर वाचलं.

मास्टर ट्रेनर: वाजिद सर.

पुढे लिहिलंय की पळसटोला शाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेलं 'अडकलेल्या व्यक्तीची सुटका' हे प्रात्यक्षिक अत्यंत उपयुक्त असून ते जिल्ह्यातल्या बारा शाळांत दाखवावं. पथकप्रमुख: कुमारी बुधरी मडावी, इयत्ता नववी. वाजिद सरांनी तिच्याकडून पद्धत समजून घ्यावी. शेवटची ओळ अशी की, परिणाम साधण्यासाठी अडकणारे गृहस्थ तेच असावेत आणि खिडकीचं माप बदलू नये.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. मी घाईने बाहेर आलो. इसरू भाऊ मागोमाग आला, चहा हातात देऊन म्हणाला, सर, गृहस्थ म्हन्लं हाय, इज्जतीनंच म्हन्लं. पहिल्यांदाच तो हसला नाही. त्याने हसायला हवं होतं.

२९ जानेवारी, गुरुवार

टाइमटेबल बदललं. पीटीचा तास आता गणिताला जात नाही, उलट गणिताचा शनिवारचा तास पीटीला आला. मॅडम म्हणाल्या, बुधरीच्या टीमची प्रॅक्टिस हाय. एकोणीस वर्षांत मला जे जमलं नाही ते त्या मुलीने दहा मिनिटांत केलं, आणि तेही हल्याच्या जोरावर.

बुधरीचे टीमवर्कचे गुण सुधारले. चारचे चौदा केले. एकदम वीस केले तर माझं चुकलं होतं असं दिसेल.

वजन ९०. सरिता म्हणते आता कमी करू नका, साहेबाचं लेखी हाय.

३१ जानेवारी, शनिवार, सकाळी ७.३०, पिकअपमध्ये

पहिली शाळा सिंदेवाही. म्हणजे वाजिद सरची.

इसरू भाऊ सामान चढवत होता. बुधरीने रात्री बसून यादी केली होती, वहीचं पान फाडून, स्वच्छ अक्षरात. शिक्षकाची सही लागते म्हणून माझ्यापुढे धरली. सर, पाहून घ्या काही राह्यलं का.

पाहिलं. साहित्य: दोर एक. तणस दोन भारे. खिडकी एक. सर एक.

मुलीने मुद्दाम लिहिलेलं नव्हतं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, फक्त काही राहून जाऊ नये ही काळजी. काय लिहायला हवं होतं ते मलाही सुचलं नाही. काही राह्यलं नाही म्हणालो. सही केली.

पुढे ड्रायव्हरजवळ मॅडम आणि बुधरी बसणार. मुलं मागून सायकलींवर स्टँडपर्यंत, मग बसने. मला तणसाच्या भाऱ्यांवर जागा केली आहे, भिंत धरायला माणूस लागतो म्हणून. मी खाली उभा राहून जरा मोराकडे पाहत होतो.

बुधरीने शिट्टी वाजवली. मी चढलो.